मुंगीचा बारावा सांधा

मृत्युंजय सरांनी ही गोष्ट बायकोला इतक्या लवकर सांगायला नको होती. मुंगी काही पळून जाणार नव्हती. ती मेलेली होती, टाचणीवरच्या कागदाच्या चिमुकल्या त्रिकोणाला डिंकानं चिकटवलेली होती आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात सरांच्या टेबलावर डबीत बंद होती. पण शोध लागला की माणसाला ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि घरात भुवनेश्वरीच होती.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मुंगी त्यांनी आणली होती कर्नाटकातल्या अगुंब्याच्या सदाहरित जंगलातून. सहलीतली पोरं धबधब्यापुढं फोटो काढत होती तेव्हा सर ओल्या पाचोळ्यात पालथे पडले होते. तिथं ही एकटीच सापडली. तिळाएवढी, तांबूस, पाठीवर दोन काटे. सोलापुरात आल्यावर त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मुंगी ओळखायची म्हणजे प्रश्नांच्या वाटेनं चालायचं असतं. कंबरेला गाठ एक का दोन, मिशीला सांधे अकरा का बारा; जसं उत्तर तशी पुढची वाट, आणि वाटेच्या शेवटी नाव. या मुंगीची एक मिशी येताना मोडली होती. दुसरीचे सांधे अकरा भरले. सर त्या वाटेनं टोकापर्यंत गेले, तर तिथं या मुंगीला लागू पडेल असं नावच नव्हतं. म्हणजे जात नवी.

"तुझं नाव देणार आहे तिला," ते जेवताना म्हणाले. "भुवनेश्वरीए."

"शेवटी 'ए' कशाला?"

"लॅटिनमध्ये बाईच्या नावाला तसं लावतात."

"तुमी हाक मारल्यावानीच वाटतंय की," ती म्हणाली आणि भाकरी आणायला आत गेली. आतून बराच वेळ भाकरी आली नाही. दारावरच्या पाटीवर नाव सरांचं होतं, वीजबिलावर सासऱ्यांचं, ते वारले तरीही. आपलं नाव कुठं लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मुंग्यांना खडूची रेघ मारणं सोडलं. मुंग्यांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला. साखरेत मुंग्या, शेंगदाण्याच्या लाडवात मुंग्या, सरांच्या बनियनमध्ये मुंग्या. सरांनी तक्रार केली तर ती म्हणाली, जीव हायेत, असू द्या.

बातमी अक्कलकोटला माहेरी पोचली. तिचे वडील गुरप्पा यांचं भुसाराचं दुकान. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते इतकी वर्षं "मुंग्या मोजतात" एवढंच सांगून तूरडाळीकडं वळायचे. आता ते गिऱ्हाइकाला थांबवून सांगू लागले. लेकीच्या नावाची मुंगी आता जगभरच्या पुस्तकांत येणार होती. मग सत्कार ठरला, हॉल ठरला, हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण ठरलं. अजून पक्कं नाही, बेंगळुरूला मुंग्यांच्या तज्ज्ञ अक्षता मॅडमना फोटो पाठवलेत, त्यांचं उत्तर येऊ द्या, असं सर सांगत राहिले. गुरप्पांना तो विनय वाटला.

उत्तर आलं सत्काराच्या दिवशी सकाळी. फोटो सुरेख आहेत, मॅडमनी लिहिलं होतं, फक्त मिशी जिथं कोपरासारखी वळते तिथं डिंकाचा थेंब दिसतो. त्याखाली काही आहे का, एकदा बघाल?

सरांनी कोमट पाण्यानं ब्रश भिजवला आणि डिंक हळूहळू सोडवला. खाली एक सांधा होता. इवलासा, पण सांधाच. बारा. बाराच्या वाटेनं चहा निवायच्या आत नाव सापडलं, आणि ते फार जुनं होतं.

ते बाहेर आले तेव्हा भुवनेश्वरी इरकल नेसून आरशापुढं उभी होती. आत्ताच सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. "पदर बरा दिसतोय का?" तिनं विचारलं. बरा दिसतोय, असं ते म्हणाले आणि बूट शोधायला लागले. पुढं आयुष्यभर त्यांना हाच क्षण छळणार होता.

अक्कलकोटच्या हॉलच्या दारात मोठा फ्लेक्स होता. एका बाजूला भुवनेश्वरीचा फोटो, दुसऱ्या बाजूला भलामोठा काळा मुंगळा, आणि दोघांच्या मधे 'हार्दिक अभिनंदन'. सरांना फेटा बांधला, शाल घातली. मग गुरप्पा माईकपुढं उभे राहिले.

"मी यांना मुंग्या मोजणारा म्हणत होतो," ते म्हणाले. "माझी लई चूक झाली."

सर उठले. त्यांनी माईक हातात घेतला. "चूक तुमची न्हाई, अप्पा," ते म्हणाले. "मोजण्यातच झाली."

आणि त्यांनी डिंकाचं, बाराव्या सांध्याचं सगळं सांगून टाकलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी शेजाऱ्याला कन्नडमध्ये विचारलं, मग मुंगी मेली का. गुरप्पांनी जावयाकडं पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पानं मांडा. हुग्गी गार व्हायलीय."

परतताना एसटीत भुवनेश्वरी खिडकीशी बसली होती. शाल पिशवीत होती. सर मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि ती दर वेळी मोडत होती. सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनंच विचारलं, "मग तिचं खरं नाव काय हाय?"

सर घुटमळले. पण आज खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "इंग्रजांच्या काळात एका साहेबानं दिलंय," ते म्हणाले. "त्याच्या बायकोचं."

तिनं शालीची पिशवी मांडीवर घेतली.

"त्यानं आधी नीट मोजलं असंल," ती म्हणाली, "आन मग बायकोला सांगितलं असंल."