पैलवान पोटाकडून कसा दिसतो

"रविवारपर्यंत हे जनावर घराबाहेर गेलं नाही, तर सोमवारी तुम्ही जाल," घरमालकांनी माशांच्या टाकीकडे बोट दाखवलं. बोट काचेपासून हातभर लांबच ठेवलं, एवढी अक्कल त्यांना होती.

"आम्ही कुठेही जाणार नाही, आणि पैलवानही जाणार नाही," चष्मेवाली म्हणाली.

खाली रस्त्यालगत तिचं चष्म्याचं दुकान, मधल्या मजल्यावर मालक आणि त्यांच्या डोक्यावर ती आणि तिच्या सासूबाई. टाकी नेमकी मालकांच्या पलंगाच्या वर येत होती, सगळं दुखणं तिथलं. पैलवान म्हणजे मँटिस श्रिंप, कोळंबीचा लांबचा भाऊबंद, बोटाएवढा. टाकीत शोभेला म्हणून तिने समुद्रातला एक दगड विकत आणला, त्याच्या भोकात हे महाशय फुकट आले. बघता बघता टाकीतले मासे एकेक करून गुप्त झाले आणि गुन्हेगार दगडातून डोळे बाहेर काढून बसला. एक डोळा इकडे, एक तिकडे, दोघांचा कारभार स्वतंत्र.

दुसरी कुणी असती तर तिने त्याला दगडासकट परत केलं असतं. पण नवरा गेल्यापासून हिच्याकडे टक लावून कुणी बघितलंच नव्हतं. दिवसभर लोक तिच्या काचांतून सगळं जग बघायचे, तिला सोडून. हा मात्र ती घरात शिरली की दोन्ही डोळे तिच्यावर लावायचा. तिचा जीव जडला होता त्याच्यावर, सरळ गोष्ट आहे.

"मी मासेवाल्याला विचारलंय," मालक म्हणाले. "ह्यांच्यात दोन प्रकार. भालेवाला मासे भोसकतो आणि हातोडेवाला काच फोडतो. काच फुटली की समुद्र माझ्या गादीवर! आणि मादी निघाली तर अंडी, पिल्लं, सगळी पिलावळ!"

"भालेवाला आहे. आणि नर आहे."

"कशावरून?"

"दिसतंय ना डोळ्यांना!"

"दिसतं तर मलाही. पासष्टी ओलांडली, अजून चष्मा नाही," मालकांनी छाती पुढे काढली. पेपर ते हात लांब करून वाचत आणि हल्ली हात पुरेनासा झाला होता, ती गोष्ट वेगळी. "रविवारी येतो. दोन्ही गोष्टी दाखवून द्या."

ते जिना उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुला खरंच माहीत आहे का गं?"

"नाही."

"मग एवढी तडतडलीस कशाला?"

"आई, आज मी नमतं घेतलं तर आज पैलवान जाईल आणि उद्या तुमचा रेडिओ."

रेडिओ मालकांना फार दिवस खुपत होता. सासूबाई तत्काळ पैलवानाच्या पक्षात आल्या.

तिने मासेवाल्याला फोन लावला. खूण सोपी होती. हातोडेवाल्याचं कोपर टम्म फुगलेलं असतं, आणि नराच्या शेवटच्या पायांच्या बुडाशी दोन बारीक काड्या असतात, मादीला नसतात. पण पैलवान हात घडी घालून बसायचा आणि पोट काही दाखवायचा नाही.

"उचलून बघू का?"

"आधी बोटं मोजून घ्या," मासेवाला म्हणाला.

मग तिला तिच्या धंद्याला शोभेल अशी युक्ती सुचली. गिऱ्हाइकांना फ्रेम लावून तोंड दाखवायचा दुकानातला आरसा तिने आणला आणि टाकीच्या तळाशी उताणा ठेवला. पैलवान वरून चालत गेला की पोट आपोआप दिसणार! पैलवान ऐटीत आरशावर आला. त्याने खाली बघितलं. आपल्या घरात दुसरा पैलवान?

टक्क! आरशाचे दोन तुकडे.

"काय फुटलं?" खालून मालक ओरडले.

"माझ्या हातून वाटी पडली!" सासूबाईंनी वरून ठोकून दिलं.

"आई, खोटं कशाला बोललात?"

"मग काय सांगू, हातोडा पडला म्हणून?"

"हातोडा नाहीये तो," ती ठसक्यात म्हणाली. "आरसा जुना होता."

पण त्या दिवसापासून पैलवान दगडात शिरला तो शिरलाच. भोकाचं तोंड त्याने वाळूखड्यांनी लिंपून घेतलं, खाणं सोडलं. रविवारी सकाळी ती उठून बघते तर तो दगडाबाहेर पाय वर करून पडलेला.

"माझ्यामुळे गेला हो आई तो! आरसा दाखवायची काय अवदसा आठवली मला!"

ती हमसाहमशी रडत असतानाच मालक आले. टाकीत वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरेरे. अहो ताई, रडू नका. मी आपला तोंडाने बोलतो. जिवंत असता तर राहू दिला असता, कसाही असता तरी."

"शब्द देता?" सासूबाईंनी विचारलं.

"दिला. आता काय फरक पडतो म्हणा."

तिने चिमट्याने त्याला हळूच उचललं. वजनच लागेना. तिने नाक पुसलं, भिंग डोळ्याला लावलं. पाठीवर चीर, आत सगळं पोकळ. तिने ते उलटं केलं. काड्या नव्हत्या. कोपर मात्र टम्म.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. मालक दाराकडे वळलेच होते. पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"थांबा! मेला नाही, ही कात आहे. आणि तो नाही, ती आहे. हातोडेवाली आहे. दोन्ही बाबतीत मी साफ चुकले, आणि तरीही ती इथेच राहणार!"

टाकीतले खडे हलले आणि फटीतून दोन डोळे वर आले.

"आणि माझी गादी?" मालक किंचाळले.

"जाड फायबरची टाकी करून घेते. काच फुटते, फायबर फुटत नाही, हे मी दुकानात रोज सांगते. तुम्ही शब्द दिलाय."

"तो मेलेल्याला दिला होता!"

"मेलं होतं कोण?" सासूबाई म्हणाल्या. "रिकामं सालपट बघून सांत्वन करत बसलात. आणि म्हणे चष्मा नको!"

मालक पाय आपटत जिना उतरले.

सोमवारी ते आले, पण दुकानात. नंबर भलताच मोठा निघाला. चष्मा तयार झाला त्या दिवशी ते तो लावून वर आले आणि नव्या टाकीसमोर वाकले.

"हिला रंग आहेत की!" ते पुटपुटले. मग मालकपण आठवून घसा खाकरला. "बाकी सगळं ठीक, पण आता नाव तरी बदला. मादीला कुणी पैलवान म्हणतं का?"

चष्मेवालीने टाकीकडे बघितलं. दोन्ही डोळे तिच्यावरच होते.

"आमच्याकडे म्हणतात," ती म्हणाली.