माइकवाले कुंडलिक गुरुजी

लग्नात भटजी उशिरा आला तरी चालेल, नवरदेव घोड्यावरून पडला तरी चालेल, पण माइक कुंडलिक गुरुजींच्याच हातात पाहिजे. असं खुद्द कुंडलिक गुरुजींचं मत.

आमच्या केदारखेड्याकडं लग्न लागायच्या आधी पाव्हण्यांचे सत्कार असतात. चिठ्ठीवर नाव लिहून माइकवाल्याकडं द्यायचं. त्यानं पुकारलं की पाव्हणा पुढं येऊन फेटा बांधून घेतो. ज्याचं नाव राहिलं तो न जेवता घरी जातो आणि तीन वर्षं बोलत नाही. असल्या नाजूक कामाला आमचे गुरुजी सोबत कोणाला आणतात? आपल्याच वर्गातलं वाचता न येणारं लेकरू. त्याच्या हातात चिठ्ठी देतात आणि तोंडाशी माइक धरतात.

मंग बघा मजा. "मा... मान... नीय..." फेटेवाला कापड धरून उभा, पाव्हणा डोकं पुढं करून उभा. मागून कोणी म्हटलं, "गुरुजी, तुम्हीच वाचा ना जल्दी," की गुरुजी माइकवरूनच सांगतात, "पाव्हण्याला घाई न्हाई. घाई असती तर फेट्यासाठी थांबले असते का?"

हसायची सोय नाही. लेकराला हसलं तर पुढाऱ्याच्या नावाला हसल्यासारखं होतं. उलट एरवी शाळेकडं न फिरकणारा पुढारीच हात जोडून "वाच माय, वाच" करतो. गावातल्या लेकरांच्या शिक्षणाची एवढी कळकळ त्याला मतं मागतानासुद्धा आलेली नसते.

आणि अडलेला शब्द कोणी सांगितला, की गुरुजी वसकन अंगावर येतात. "सांगायचं न्हाई! पाप करून राह्यलात तुम्ही!" गावात आधीची पापं कमी होती म्हणून हे एक नवीन.

माझी नात पिंकी तिसरीत. पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायचं. वर्गातली पोरं हसतात म्हणून दिवाळीनंतर तिनं शाळाच सोडली. रागावून झालं, पेढे देऊन झाले. शेवटी गुरुजी दारात आले.

"काकू, रविवारी हिला लग्नात येऊ द्या. चार चिठ्ठ्या. वाचल्या तर सोमवारी शाळेत येते म्हणाली."

"आन् न्हाई वाचल्या तर?"

"तर मलाबी सुधरत न्हाई काय करावं ते."

घ्या! हे आमचे गुरुजी.

तीन चिठ्ठ्या कशाबशा पार पडल्या. चौथी रंगनाथरावांची. कुठले तरी माजी उपसभापती. "उ... उप..." आणि गाडी रुतली. पिंकीचा हात पोटावर गेला. मुहूर्त जवळ आला, रंगनाथराव घामाघूम. नवरीचा बाप ओरडला, "घ्या तो माइक तिच्याकडून! न्हाईतर पुन्हा तुम्हाला बोलावणार न्हाई!"

माइक गेल्यावर ह्या माणसाकडं राहतं काय? पण गुरुजी तिच्याशेजारी खुशाल उकिडवे बसले, शेतात पाणी भरायला बसावं तसे. मी पहिल्या रांगेत. शब्द माझ्या तोंडात आलेला. गुरुजींनी माझ्याकडं बघून मान हलवली.

"उप... सभा... पती!"

पिंकी इतकी मोठ्यानं ओरडली की घोडं बिथरलं. रंगनाथरावांनी फेट्याआधी तिच्याच डोक्यावर हात ठेवला.

जेवणं झाल्यावर टाकीपाशी मी टोमणा मारलाच. "एक शब्द सांगितला असता, तर काय वावर जात होतं तुमचं?"

गुरुजी कितीतरी वेळ हात धूत राहिले.

"काकू, धाकटा भाऊ माझ्याच शाळेत होता. लाडाचा. अडला की मी सांगायचो. चौथीपर्यंत त्याच्या वाटचं समदं मीच वाचलं. आता पुण्यात वॉचमन हाय. माझा मेसेज दुसऱ्याकडून वाचून घेतो."

"मंग फोन करावा."

"करतो ना. उचलत न्हाई. लाजतो मला."

नळ बंद करून ते गेले. सदऱ्याला हात पुसत, मांडवाच्या मागच्या बाजूनं.

सोमवारी पिंकी शाळेत गेली. संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली, एका शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी ओठ मिटून घेतले. चुलीवरचा चहा उतू गेला, तरी उठले नाही.