प्रार्थनेला घंटा नसते

"व्हर्नन, प्रार्थना म्हणजे भाषण नव्हे," मक्याचा पाव ओव्हनमधून बाहेर काढता काढता ओपल म्हणाली. "डोळे मिटायचे, देवाचे आभार मानायचे, आमेन म्हणायचं आणि गप खाली बसायचं."

"मला शिकवतेस? इतकी वर्षं चर्चमध्ये डीकन आहे मी."

"आणि तितकीच वर्षं बोर्डाच्या मागे हात धुऊन लागलायस. म्हणून तर सांगतेय. देवापुढे बोर्डाचं नाव काढलंस ना, तर आठवडाभर गार घेवडा खाशील."

व्हर्नन प्रुइटने टोपी डोक्यावर चढवली आणि हो म्हटलं. मनापासून म्हटलं. आज संध्याकाळी काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या सभेआधीची प्रार्थना खरं तर पास्टर ब्रदर केनी म्हणणार होते. पण हरणांच्या शिकारीचा हंगाम नुकताच सुरू झालेला. ब्रदर केनी सकाळी मचाणावरून उतरताना पाय मुरगळून बसले. त्यांनी फोन केला व्हर्ननला, कारण डीकन, म्हणजे पास्टरचा मदतनीस, तोच, आणि सभेला न चुकता जाणारा सबंध काउंटीत तोच एक.

सभेला तो जायचा ते सरकारवर नजर ठेवायला. गॅसची टाकीगाडी चालवत असताना जायचा, निवृत्त झाल्यावरही जायचा. सरकार म्हणजे कुंपणापाशी चरणारी गाय, असं त्याचं मत होतं. दूध देते हे खरं, पण जरा पाठ फिरली की शेजाऱ्याच्या मक्यात शिरते. शर्टाच्या खिशात राज्यघटनेची छोटी प्रत असायची आणि तिचे कोपरे दुमडून दुमडून गेले होते. बोर्डावरचे पाचही जण त्याच्याच पक्षाचे, बहुतेक त्याच्याच चर्चचे. "मग त्यांच्याच मागे का लागतोस?" असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "आपलेच आहेत म्हणून. दुसऱ्या पक्षाचे असते तर सगळ्यांनीच लक्ष ठेवलं असतं. वॉशिंग्टनचं आपण काय बघणार? आपल्या गावचं आपण नाही बघायचं तर कोणी?"

बोर्डाचा अध्यक्ष ड्वेन स्टबलफील्ड. शाळेत व्हर्ननच्या मागच्या बाकावर बसायचा, आता चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. दर महिन्याला जनतेला बोलायला तीन मिनिटं मिळत. व्हर्नन उठायचा, ड्वेन म्हणायचा, "बोला, मिस्टर प्रुइट," आणि व्हर्नन रस्त्यांपासून पुलांपर्यंत सगळ्याचा जाब विचारू लागायचा. तो नेमका मुद्द्यावर आला की काउंटीच्या कारकून मिस टिडवेल टेबलावरची घंटा टणकन वाजवायच्या. ड्वेन म्हणायचा, "आभारी आहे, मिस्टर प्रुइट." झालं. उत्तर कधीच मिळायचं नाही.

आणि आजचा ठराव तर याहून वाईट होता. यापुढे बोर्डाची सभा संध्याकाळी भरायची नाही, सकाळी दहाला भरायची. म्हणजे गिरणीतली, शाळेतली, गोठ्यातली माणसं येणार कशी? आणि कोणी आलंच नाही, तर जाब विचारणार कोण? व्हर्ननची झोप उडाली होती. "लोक काळंबेरं करायला अंधार शोधतात," तो ओपलला म्हणाला होता, "हा ड्वेन बेटा भर उजेडात करायला निघालाय!"

सभागृह त्या दिवशी भरलेलं होतं. ठरावाची कुणकुण लागली होती ना. ड्वेनने हातोडी आपटली, ब्रदर केनींच्या पायाची हकीकत सांगितली आणि म्हणाला, "तर आज प्रार्थना म्हणतील... अं... ब्रदर व्हर्नन." शेवटचे दोन शब्द त्याने कडू औषधासारखे गिळले.

सगळे उठले. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या, डोळे मिटले. व्हर्ननने माइक धरला.

"आमच्या स्वर्गातल्या बापा," तो म्हणाला, "आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार. या देशाबद्दल आभार, मोकळेपणाने तुझं नाव घेता येतं त्याबद्दल आभार. आमच्या सैनिकांना सांभाळ. ब्रदर केनींच्या पायाला आराम दे."

इथे आमेन म्हणायचं होतं. तो म्हणणारही होता. पण त्याच्या एकदम ध्यानात आलं, की आपण माइकसमोर उभे आहोत, सारा गाव ऐकतोय, पाचही सभासद मान खाली घालून गप्प आहेत, आणि घंटा वाजत नाहीये. प्रार्थनेला कुठली घंटा! इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मोह कोणाला होत नाही?

"आणि प्रभू," तो म्हणाला, "तुला तर सगळं ठाऊकच आहे. नाव मी कोणाचं घेत नाही. पण तुझी काही लेकरं आज असं ठरवायला बसलीत, की ही सभा सकाळी दहाला भरवावी. सकाळी दहाला, प्रभू, तुझी कष्टाळू लेकरं कुठे असतात ते तुला वरून दिसतंच."

ओपल तिसऱ्या रांगेत होती. तिने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

ड्वेनच्या कपाळावर घाम आला. पण करतो काय? घंटा वाजवायला सांगावी, तर देवापुढे घंटा वाजवली म्हणून उद्या गावभर बोभाटा. प्रार्थना मध्येच तोडणाऱ्याला त्या काउंटीत भटकी कुत्री पकडायच्या कामावरही कोणी निवडून दिलं नसतं, आणि निवडणूक तर तोंडावर आलेली. त्याने एक युक्ती केली. व्हर्नन श्वास घ्यायला थांबताच तो ठासून म्हणाला, "आमेन!"

तिथेच तो फसला. ही मंडळी बाप्टिस्ट पंथाची. पास्टर रंगात आला की मधूनमधून आमेन म्हणून त्याला चढवायची त्यांना जन्माची सवय. ड्वेनचं आमेन ऐकून सगळ्या सभागृहाने टेकू दिला, "आमेन! आमेन! बोल, ब्रदर व्हर्नन!"

मग काय विचारता. व्हर्ननला चेव आला. त्याने खचलेल्या पुलासाठी प्रार्थना केली, पुलाचं काम ज्या कोणाच्या मेहुण्याला मिळालं त्या मेहुण्याच्या आत्म्यासाठी केली. बोर्डासाठी सुबुद्धी मागितली, एकेका सभासदासाठी वेगवेगळी. दर वाक्याला आमेनचा गजर होत होता, आणि आता तर बोर्डातलाच बक लेडबेटरही सवयीने आमेन म्हणायला लागला होता.

इतक्यात मागून एका म्हातारीचा आवाज आला, "व्हर्नन, माझ्या बहिणीच्या पित्ताशयासाठी पण कर रे बाबा."

डीकन माणूस. नाही कसं म्हणणार? पित्ताशयासाठी केली. ती झाली तोच कोणाच्या नौदलातल्या मुलासाठी, कोणाच्या न सुटणाऱ्या तंबाखूसाठी विनंत्या आल्या. बक लेडबेटर डोळे मिटूनच म्हणाला, "आमची एक कालवड अडलीय, ब्रदर व्हर्नन, जमलं तर बघ." व्हर्नन कालवडीसाठीही गहिवरून बोलला. पाय दुखायला लागले तसे लोक एकेक करून बसू लागले, डोळे मिटलेलेच. पण ठरावाचा मुद्दा तो सोडत नव्हता. दर दोन आजारांनंतर तो परत सकाळी दहावर यायचा.

"तर प्रभू," तो सातव्या की आठव्यांदा म्हणाला, "वेळ बदलण्यामागे काय कारण आहे, ते निदान तुला तरी कोणी सांगितलंय का?"

आणि मग दुसराच आवाज आला.

"प्रभू," ड्वेन म्हणत होता, "मीच सांगतो."

व्हर्ननने दचकून एक डोळा उघडला. ड्वेन मान खाली घालून, दोन्ही हात टेबलावर टेकून उभा होता.

"प्रभू, मला अंधारात दिसत नाही. मोतीबिंदू झालाय. समोरून गाडीचे दिवे आले की रस्ता कुठे नि चर कुठे, काही कळत नाही. मागच्या सभेनंतर घरी जाताना मेथडिस्टांच्या चर्चची पाटी मीच आडवी केली. सगळे म्हणाले वाऱ्याने पडली. मीही म्हणालो वाऱ्याने." मेथडिस्ट चर्चचा खजिनदार खाकरला. "ऑपरेशनची मला भीती वाटते. आणि लोकांना सांगायचीही वाटते. आंधळ्याला मत कोण देईल? म्हणून म्हटलं, सभाच सकाळी घेऊ. उजेडी यावं, उजेडी जावं. दुसरं काही नव्हतं, प्रभू. व्हर्ननला वाटतं तसं तर मुळीच नव्हतं."

गेला महिनाभर व्हर्नन काय काय तर्क लढवत होता, कोणाकोणाचे हात कोणाच्या खिशात घालून पाहत होता. आणि इकडे हा बिचारा स्टिअरिंगला नाक लावून घरी पोचत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी लाज. माइकमध्ये तो हळूच म्हणाला, "प्रभू, आमच्या ड्वेनला सांभाळ. ऑपरेशनसाठी त्याला धीर दे. आणि तोवर त्याला सभेहून घरी सुखरूप पोचवायला कोणीतरी भला माणूस पाठव."

"प्रभू," तिसऱ्या रांगेतून ओपलचा स्पष्ट आवाज आला, "व्हर्ननचा ट्रक रिकामाच असतो. आणि ड्वेनचं घर त्याच रस्त्याला आहे, डोंगरापलीकडे."

"आमेन!" सारं सभागृह एका आवाजात गरजलं. हे आमेन मात्र चढवायचं नव्हतं, संपवायचं होतं. तो फरक बाप्टिस्टांना बरोबर कळतो. डोळे उघडले, टोप्या चढल्या, मिस टिडवेलनी नाक पुसलं. ठराव ड्वेनने स्वतःच मागे घेतला. सभा संध्याकाळीच राहणार, असं ठरलं आणि टाळ्या पडल्या. लोक येऊन व्हर्ननचा हात हातात घेत होते. सरकारला झुकवलंस गड्या, असं म्हणत होते. म्हातारीने तर त्याच्या गालाचा मुकाच घेतला.

ओपल बहिणीच्या गाडीतून पुढे गेली. व्हर्नन ड्वेनला ट्रकमध्ये बसवून निघाला. बाहेर काळोख पडला होता आणि हरणं आडवी येण्याच्या या दिवसांत त्या डोंगरातल्या रस्त्यावर गाडी गोगलगायीसारखीच हाकावी लागते.

"व्हर्नन," ड्वेन पट्टा लावत म्हणाला, "खरं सांगू? तू इतकी वर्षं प्रश्न विचारतोस, पण उत्तर द्यायला मला वेळच मिळायचा नाही. तुझी घंटा वाजली की पुढचा विषय. फार वाईट वाटायचं मला."

"असू दे, असू दे," व्हर्नन भरल्या मनाने म्हणाला.

"छे, छे. असू दे कसं? आता आपण निवांत आहोत. तू पहिल्यांदा विचारलं होतंस ते ओढ्यावरच्या मोरीबद्दल. आठवतं? तर त्या मोरीचं असं झालं..."

मोरीचं काय झालं ते ओढा ओलांडेपर्यंत चाललं. त्यानंतर कचऱ्याची जागा. मग रस्त्यावरची खडी, ती बारीक का, जाड का नाही, आणि जाड आणली असती तर काय झालं असतं. ड्वेन काही लपवत नव्हता. प्रत्येक निर्णय, त्यामागचं कारण, त्या कारणामागचं कारण, आणि त्या दिवशी त्याला स्वतःला कसं वाटत होतं तेही. व्हर्ननने खाकरून पाहिलं, रेडिओ लावून पाहिला. ड्वेनने तो कमी केला. घर आलं तरी तो उतरेना. दार अर्धं उघडं ठेवून त्याने नव्या अग्निशामक गाडीचं प्रकरण संपवलं. "बाकीचं पुढच्या महिन्यात," तो खाली उतरत म्हणाला. "आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशनची काही घाई नाही."

ओपल जागी होती. तिने घेवडा गरम करून पानात वाढला. नवऱ्याचा चेहरा बघून तिला वाटलं, हा आपल्यावर रागावलाय.

"काय झालं? ड्वेन काही बोलला का?"

व्हर्नन खुर्चीत बसला. त्याने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"ओपल," तो म्हणाला, "सकाळी दहा ही वेळ तशी काही वाईट नव्हती गं."