चरवीतली पंधरा वर्षं

जावयानं पिशवीतून बाटली काढली आणि संतरामनं आधी दार लोटून घेतलं. धोंड्याचा महिना, जावयाचा पहिलाच मान, चुलीवर पुरण शिजतंय, आणि पाटावर चक्क लाल वाइन!

"पंधरा वर्षं जुनी आहे, मामा. आमच्या नाशिकच्या कारखान्यातली. तुमच्यासाठीच राखली होती," सोमेश्वर म्हणाला.

"हळू बोला, जावईबापू!"

पुसेगावातली दारू बंद पाडली ती शालूबाईनं, म्हणजे संतरामच्याच बायकोनं. ज्याच्या घरी बाटली सापडेल त्यानं ती चावडीपुढं फोडायची आणि सगळ्या बायांची हात जोडून माफी मागायची, हा नियमही तिचाच. पण धोंड्याच्या जावयाला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर संतरामच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

"जेवणाआधी तासभर हवा लागू द्यायची. गाळ न हलवता रुंद भांड्यात ओतायची," जावयानं समजावलं.

रुंद भांडं म्हणून संतरामनं दुधाची चरवी दिली. भरलेली चरवी पडवीत पातळ फडक्यानं झाकून ठेवली, बाटली कडब्यात खुपसली.

तेवढ्यात दारूबंदीच्या बाया जावई बघायला आल्या. त्यांच्यासाठी अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करून ठेवा, असं शालूबाईनं नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. बाटलीच्या नादात संतराम ते साफ विसरला. पडवीतल्या चरवीवरचं फडकं उचललं, आतलं लालभडक पाहून शालूबाईला नवऱ्याचं कौतुकच वाटलं.

"अगं, थांब जरा... ते..."

"काहून? साखर घातली न्हाई ना? वाटलंच मला!" तिनं दोन मुठी साखर टाकली आणि रवीनं घुसळायला घेतलं. सोमेश्वरनं डोळे मिटून घेतले.

गिलास फिरले. "तुरट हाय, पण बरं वाटून राहिलं बाई," बेबीबाई म्हणाली आणि आणखी अर्धा गिलास मागून घेतला. बाकीच्याही उगाच हसायला लागल्या. संतरामला चावडी दिसायला लागली. जावयादेखत इज्जतीचा पंचनामा होणार!

शेवटी शालूबाईनं स्वतःचा गिलास तोंडाला लावला. गावातला एकूण एक गुत्ता नुसत्या वासावरून हुडकलेली बाई ती. एका घोटातच थबकली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातलेल्या जावयाकडे.

"शालूबाई, कशाचं हाय हे?" बेबीबाईनं विचारलं.

संतराम उठला. हात जोडले. "बायांनो, माझ्या हातून..."

"अंबाडीचं हाय!" शालूबाई ठणकावून म्हणाली. "अन् तुमी उभे काहून राहिले? जावयाचा गिलास रिकामा हाय, वाढा की!"