सीताबाईंची पाणपोई, चोवीस तास

दुपारी एक वाजता सत्यभामाबाईंचं दार सहाव्यांदा वाजलं. भंडाऱ्याच्या एसटीतून उतरलेली पाच माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी होती.

"पाणपोई हेच ना जी?"

"माह्या घरात कायची पाणपोई?"

एकानं मोबाइल पुढे धरला. नकाशावर त्यांच्याच अंगणात निळा थेंब होता. 'सीताबाई पाणपोई. मोफत. चोवीस तास.'

सीताबाई म्हणजे सासूबाई. चैत्र लागला की अंगणात रांजण मांडायच्या, पाण्यात वाळा टाकायच्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. रांजण त्याच्याही आधी फुटला.

पाण्याला नाही म्हणायची घरात रीत नव्हती. बाईंनी माठ रिकामा केला आणि तणतणत नगरपरिषदेची कचेरी गाठली.

"काकी, शहराची सारी माहिती लोकाइले खुली करून राहिलो," तिथले कारकून परसरामबाबू कौतुकानं म्हणाले. "पाणपोयांचं जुनं रजिस्टर होतं, तेच नकाशावर चढवलं."

"अन् चोवीस तास?"

"वेळेचा रकाना रिकामा होता. रिकामा दिसला का संगणक चोवीस तास धरते."

"मंग संगणकालेच बसव माह्या दारात! काढ ते नाव."

"सीताबाईची सही लागते."

"वर जाऊन आण!"

"मंग मृत्यूचा दाखला द्या."

बाई घरी गेल्या, ट्रंक उपसली, दाखला आणून टेबलावर आपटला. परसरामबाबूंनी बटन दाबलं.

"झालं. पाणपोई बंद दाखवली. खालचे शेरे मात्र राहतेत."

"कोणते शेरे?"

परसरामबाबू चाचरत वाचू लागले. "पाचांपैकी एक तारा. 'सीताबाईचं पाणी कोमट. बाई खेकसते.'"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "सीताबाईचं पाणी कोमट? अरे, दुरून वाट वाकडी करून माणसं येत त्या पाण्यासाठी! पूस ते!"

"लोकाइनं लिहिलं, आपल्याले पुसता येत नाही. खुली माहिती आहे ना, काकी."

दुसऱ्या दिवशी अंगणात नवा रांजण होता, वाळाही होता. एक वाजला. दार काही वाजलं नाही. नकाशावर पाणपोई बंद होती!

बाई तडक एसटी थांब्यावर गेल्या आणि उतरणाऱ्या पहिल्याच माणसाचा दंड धरला.

"काहून रे, तहान नाही लागली काय?"

"नाही, मावशी."

"लागन! चाल!"

त्यानं घाबरून दोन गडवे पाणी प्यायलं.

"थंड आहे?"

"लय थंड."

"मंग काढ तो मोबाइल," बाई खेकसल्या, "अन् लिव. पाच तारे. सीताबाईच्या नावानं."