रेडिओवर न आलेला नवरा

माझी बायको ओरिएल गेली, त्या सकाळी मी फार हुशारीचं काम केलं. निदान मला तसं वाटलं!

आमच्या बेटावर माणूस गेलं की दुपारी रेडिओवर सांगतात. मागे कोण कोण आहे तेही सांगतात. नवरा, बहिणी, भाचे, लंडनचे चुलते, सगळे! आमचा राजाही लंडनचा, पण बेटावर राहायचा हक्क बेटकरांचा. ओरिएल बेटकर. मी मूळचा गयानाचा, तिचा नवरा म्हणून इथे राहणारा.

शवपेटीचं माप घेता घेता सुतार मला म्हणाला, "बायको गेली, आता हक्कही गेला रे, लेनॉक्स! रेडिओवर तुझं नाव आलं की इमिग्रेशन कचेरीवाले दारात आलेच समज!"

ओरिएल इथल्या मातीत आणि मी विमानात! मी रेडिओवाल्या पास्कलला फोन केला.

"माझं नाव वाचू नकोस."

"अरे, नवरा ना तू?"

"आहे. पण वाचू नकोस!"

दुपारी अख्ख्या बेटाने ऐकलं. यादीत भाचे आले, चुलते आले, कोंबड्यांना दाणे टाकणारी शेजारीणसुद्धा आली. नवरा नाही!

आधी मेहुणी थडकली. "जिवंतपणी तिला कपभर चहा दिला नाहीस, मेल्यावर नवरा म्हणवून घ्यायचीही लाज वाटली?"

"मेविसताई, ऐक तरी..."

"ताई कुणाला म्हणतोस? तू आमचा कोण?"

ती गेली आणि अंगणात खाकी कपडे दिसले. कचेरीचा साहेब! मी कपाटात शिरलो, ओरिएलच्या झग्यांमागे. छाती अशी धडधडत होती की कपाटाचं दार वाजत असावं.

"भावोजी, बाहेर या. बूट दिसतायत."

तो ट्युइट होता, ओरिएलचा मावसभाऊ, त्याच कचेरीत नोकरीला. हातात बकरीच्या रश्श्याचं पातेलं.

"मला घालवायला आलास?"

"रस्सा द्यायला आलो! बायको गेली म्हणून विधुराला कोण घालवतंय? लग्न खरं असलं की झालं."

मी खुर्चीत बसलो.

"पण आता कचेरीत फोनावर फोन येतायत," ट्युइट म्हणाला. "रेडिओवर नवराच नव्हता, मग लग्न खरं होतं का? चौकशी होणार."

"तू होतास ना लग्नाला! केक खाल्लास!"

"दोनदा खाल्ला. म्हणूनच चौकशी माझ्याकडे नाही. मी पडलो नातेवाईक. तो नवा साहेब करेल, लंडनहून आलेला. त्याने कुणाचाच केक खाल्लेला नाही."

मी पास्कलकडे धावलो. म्हटलं, आता वाच बाबा माझं नाव!

"तसं कसं? उद्या कोणीही येऊन म्हणेल मी नवरा! तिच्या रक्ताच्या माणसाने सांगायला हवं. मेविसबाईंना आण."

रोज सकाळी मी मेविसच्या दारात उभा राहतो. ती खिडकीतून बघते आणि पडदा ओढते. काल तिच्यासाठी चहा करून नेला. कप तिने घेतला, दार लावलं.

ओरिएलला नवरा होता, हे रेडिओवर सांगायचं अजून राहिलंय.