हेमावतीचं माहेर

कादंबरीतला सेनापती पडला म्हणून शेजारच्या बयोमावशींनी भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली होती. मी नुकतीच लग्न होऊन अंधेरीच्या आमच्या चाळीत आले होते. ओल्या केसांनी नळावरून येणाऱ्या मावशींना मी घाबरत विचारलं, कोण गेलं? तर म्हणाल्या, "आपलो सेनापती. लांबचो असलो तरी आपलोच तो. सुतक नाय, पण अंघोळ तरी करूक व्हयी." बिचारे त्यांचे यजमान गिरणीतून पहिली पाळी करून आले होते. त्यांनाही चहाआधी अंघोळीला पिटाळलं गेलं. कोण मेलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. बहुधा सवयीने.

हा सेनापती एका मासिकात क्रमशः येणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीतला. मासिक चाळीत एकच यायचं, कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून, आणि आलं की आधी मावशींच्या हाती पडायचं. आमच्यासारख्या नोकरीवाल्या बायकांची सोय म्हणून रविवारी दुपारी त्या ते गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवायच्या. वाचायच्या छापील शुद्ध मराठीत, आणि मध्ये मध्ये स्वतःचं बोलायच्या ते मालवणीत. त्यांचं बोलणं छापलेल्यापेक्षा जास्त असायचं. राजा रणधीरराव एका रात्रीत घाट उतरून समुद्रकाठी पोचला, की मावशी चष्म्यावरून आमच्याकडे बघून विचारायच्या, "घोड्याक पाणी कधी पाजल्यान?" नायिका हेमावती पावसाळाभर गवाक्षात बसून त्याची वाट पाहायची. मावशींना विरहाचं काही वाटायचं नाही. पण त्या काळात ती जेवत कधी होती, हा प्रश्न त्यांना फार छळायचा.

प्रेमप्रसंग आला की मात्र त्या दोन पानं एकदम उलटायच्या. "पुढचो चावटपणा आसा" एवढाच त्यांचा सारांश. ती पानं त्यांनी आधी एकट्याने वाचलेली असायची, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

लेखक राहायचा विलेपार्ल्याला, म्हणून मावशी त्याला 'पार्लेवालो' म्हणायच्या. त्याची एक वाईट खोड होती. त्याची नायिका शेवटपर्यंत जगत नसे. एकीने विहिरीत उडी घेतली होती, तर दुसरी बाळंतपणात गेली होती. पार्ल्यातल्या बायका म्हणे शेवटचा भाग आला की रुमाल घेऊनच वाचायला बसत. त्यामुळे हेमावतीला दिवस गेले आणि रणधीरराव स्वारीवर निघाला तेव्हा गॅलरीत बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले. पुढे काय होणार ते सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मावशी मात्र भलत्याच गोष्टीने पेटल्या. हेमावतीचं बाळंतपण राजवाड्यात व्हायचं होतं, म्हणजे सासरी.

"पयल्या बाळंतपणाक चेडू म्हायेराक जाता," त्या म्हणाल्या. "राणी असली म्हणान काय झाला? ह्या पार्लेवाल्याक कोणी सांगूक नाय?"

मी म्हटलं, संपादकांना पत्र लिहूया. पण पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, असं मावशींचं म्हणणं. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण लेखकाच्या शेजारीच राहायची. तिच्याकडून पत्ता घेऊन आम्ही एका शनिवारी बसने पार्ल्याला गेलो.

इतक्या लढाया लढवणारा माणूस पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात, सर्दीने बेजार होऊन, गरम पाण्यात पाय बुडवून बसला होता. वाचक आलेत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. कोणता प्रसंग आवडला, असं त्याने मोठ्या उत्साहाने विचारलं. मावशींनी उत्तराऐवजी विचारलं की हेमावतीचं माहेर कुठे आहे? लेखक म्हणाला, तिला माहेर नाही, आईवडील कादंबरी सुरू व्हायच्या आधीच वारलेत, कारण अनाथ नायिका वाचकांना जास्त भावते. मग मावशींनी एकेक काढायला सुरुवात केली. बाळंतिणीच्या खोलीला समुद्राकडे खिडकी कोणी ठेवली? शेक द्यायला शेगडी कुठाय? तेल कोण लावणार? लेखक पाण्यातले पाय हलवत शोकांतिकेविषयी काहीतरी बोलू लागला. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मी किती वर्षं सांगतेय, ह्यांना त्यातलं काही कळत नाही."

मला हसू आवरेना. पण मावशी हसत नव्हत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि आमच्याशी बोलताना कधी नसायचा अशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिका कोण नाय तर माझ्याकडे धाडा. चाळीतल्या सगळ्या लेकींचा मी केलंय. पण माझ्याकडे म्हणान कोण येवक नाय. माका चेडू नाय."

लेखकाने पाय पाण्यातून बाहेर काढले. मावशींना मूलबाळ नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चाळीत कोणाची मुलगी बाळंतपणाला आली की डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या अंघोळीपर्यंत सगळं मावशीच करायच्या, आणि मुलगी परत निघाली की तिची आई रडायची. मावशींनी रडायचं की नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. मला तिथे बसल्या बसल्या फार वाईट वाटलं.

पुढच्या अंकात चमत्कार झाला. हेमावतीला कोकणात एक मानलेली मावशी निघाली आणि राणीसाहेबांची पालखी बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली. आमच्या गॅलरीत टाळ्या पडल्या. बाहेर मात्र गदारोळ झाला. मासिकात वाचकांची रागाची पत्रं छापून आली. एका प्राध्यापकांनी ही मावशी कोणत्या बखरीत सापडली, असा खडा सवाल केला. रडायला न मिळाल्याने पार्ल्यातल्या बायकाही नाराज होत्या म्हणे. खुद्द बयोमावशींचीही तक्रार होतीच. कादंबरीतली मावशी कोकणातली असून 'अगं बाई' म्हणते, आणि काढ्यात बाळंतशोपा घालायला विसरते. तरी हेमावतीला मुलगी झाली त्या रविवारी त्यांनी वाचन अर्ध्यावर थांबवून सगळ्यांना साखर वाटली.

मग शेवटचा भाग आला. मी ऑफिसातून येताना मावशी मासिक घेऊन जिन्यातच उभ्या होत्या. डोळे चुरचुरतात, तूच वाच, म्हणाल्या. मी तिथेच पायरीवर बसून वाचू लागले. रणधीरराव जिंकून येतो, पालखी पाठवतो, हेमावती बाळाला घेऊन पालखीत बसते. मावशी तिची ओटी भरते. भोई पालखी उचलतात. इथून पुढे लेखक पालखीबरोबर गेला तो थेट गडावर पोचला. तिथे तोरणं, चौघडे, रणधीररावाचे पाणावलेले डोळे, सगळं होतं. मागे दारात उभ्या राहिलेल्या मावशीसाठी त्याने एक ओळही खर्चली नव्हती.

"तिना मागे वळान बघूक नाय गो?" मावशींनी विचारलं.

मी मान खाली घातली आणि मासिकावर बोट ठेवून वाचल्यासारखं म्हटलं, "वळणावर हेमावतीने पालखीचा पडदा बाजूला केला. दारात मावशी उभी होती. ती दिसेनाशी होईपर्यंत हेमावती पाहत राहिली. आपल्याला आई नव्हती, हे तिला इतके दिवस आठवलंही नव्हतं."

मावशी शेजारी बसून त्या पानाकडेच बघत होत्या. त्यांचे डोळे काही चुरचुरत नव्हते, आणि तो भाग त्यांनी माझ्याआधी कितीदा वाचला होता कोण जाणे. त्यात असं काही छापलेलं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"परत एकदा वाच गो," त्या म्हणाल्या.